एस. पी. रोडवरचा दिवस : जुने प्लेअर, अडकलेले आवाज

सकाळी ६.००

दुरुस्त झालेला रेकॉर्डर मी रात्री झोपताना स्वयंपाकघराच्या खिडकीत चालू करून ठेवतो. टेबलावर पाच मिनिटं चाललं म्हणून यंत्र बरं झालं असं होत नाही. आठ तास न अडखळता चाललं, तरच ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.

सकाळी चहा उकळेपर्यंत हेडफोन लावून रात्र ऐकतो. तीनच्या सुमाराला गल्लीतल्या कुत्र्यांची भांडणं, पहाटेची अजान, नंदिनीच्या दुधाचे क्रेट आपटल्याचा आवाज, मग शेजारच्या घरातलं सुप्रभातम्. श्रीरामपुराची पहाट कशी असते हे मला न उठताही कळतं. पण माझं लक्ष असतं ते जोडावर. सीडीच्या दर्जाचं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला ६३५ एमबीच्या आसपास जागा खातं. आठ तासांचे पाच जीबी झाले. जुन्या कार्डांवरच्या फॅट-३२ या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून यंत्र मध्येच एक फाइल बंद करून दुसरी उघडतं. काही यंत्रं तर दोन जीबीलाच तोडतात. त्या तुटण्याच्या जागी आवाज गळतो का, ते बघायचं. मैफलीत नेमका तिथेच तिहाईचा शेवटचा धा पडला, तर गिऱ्हाईक मला सोडणार नाही.

आज गळती नाही. यंत्र डब्याच्या पिशवीत.

सकाळी ९.००

श्रीरामपुराहून ग्रीन लाइनची मेट्रो, तिसरं स्टेशन चिकपेटे. वर आलं की जुनी पेठ सुरू होते : चिकपेटेत रेशीम आणि साड्या, अव्हेन्यू रोडवर पुस्तकं, बळेपेटेत वाद्यांची दुकानं. आमचा एस. पी. रोड, म्हणजे सादर पत्रप्पा रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा. ज्याला बंगळूरचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात शरण येतात, तो हा रस्ता.

वाटेत बळेपेटेतून गिटारच्या नख्या घेतो. मला गिटार येत नाही. पण प्लास्टिकची नखी प्लेअरच्या दोन पाळ्यांमध्ये सरकवली की कवच ओरखडा न पडता उघडतं. स्क्रू ड्रायव्हरनं उघडलेला प्लेअर मला लांबूनच ओळखता येतो. कडेला दातांनी कुरतडल्यासारखे ओरखडे असतात.

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्यानं इडली-वडा आणि शेजारच्या केबलवाल्याबरोबर बाय-टू कॉफी. तो मूळचा राजस्थानचा, मी बेळगावचा. आमची भांडणं हिंदीत होतात आणि समेट कन्नडमध्ये.

सकाळी १०.३०

शटर वर. दुकान पहिल्या मजल्यावर, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं जिन्यात थांबायचं. फळीवर माझे पेशंट : आवाज रेकॉर्ड करणारे जुने एमपी३ प्लेअर, डिक्टाफोन, हातात मावणारे रेकॉर्डर, दोन-तीन मिनीडिस्क. गाणी ऐकण्यासाठी आता यांना कोणी विचारत नाही. ॲपलनंसुद्धा २००१ साली आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद केला. माझ्याकडे येणारा माणूस गाण्यांसाठी येतच नाही. गाणी कुठेही मिळतात. त्याला हवी असते ती त्या यंत्राच्या कोपऱ्यात ‘व्हॉइस’ नावाच्या फोल्डरमध्ये पडलेली, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली फाइल.

पहिला तास किरकोळ कामांचा. हेडफोनच्या भोकात साचलेला खिशातला कचरा टाचणीनं काढणं, सैल झालेलं यूएसबीचं तोंड पुन्हा डाखणं, अडकलेलं ‘होल्ड’चं बटण सोडवणं. प्लेअर मेला म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला नुसतं ‘होल्ड’ सरकवून देतो तेव्हा पैसे घेत नाही. तो खाली जाऊन चार जणांना सांगतो, त्यात माझं भागतं.

सकाळी ११.३०

जयनगरहून एक काकू आल्या. सुरुवात हिंदीत झाली. भिंतीवरचं कालनिर्णय दिसल्यावर मराठीत आल्या.

“भाऊ, यात माझ्या आईच्या ओव्या आहेत. नॅशनल मार्केटमधून घेतला होता, नातवंडांना गाणी ऐकायला. आई आली की मी हळूच चालू करायची. आता चार्जच होत नाही.”

“चार्जिंगला किती वेळ लावून ठेवला होता, काकू?”

“रात्रभर. थोडा फुगल्यासारखा वाटतोय, नाही का?”

थोडा नव्हे, चांगलाच. मागची पाळी पोटासारखी वर आली होती. हे दृश्य मला रोजचं आहे. लिथियम पॉलिमरची बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्टवर असते. ती वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली की आतल्या आत पार उतरते, रसायन बिघडतं, वायू धरतो. अशा बॅटरीला चार्जर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

काकूंना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्यासमोरच काम सुरू केलं. चारही बाजूंनी नखी फिरवायची, घाई करायची नाही. पाळी सुटली. बॅटरीचा चंदेरी पापुद्रा ताणून गुळगुळीत झालेला. ती दुहेरी टेपनं बोर्डाला चिकटवलेली असते. इथे धातूचं हत्यार वापरलं आणि पापुद्र्याला भोक पडलं तर धूर. टेपखाली दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला, बॅटरी सुटली. तारा एकेक करून कापल्या, एकदम नाही, कारण दोन्ही एकत्र कापल्या तर कात्रीतच शॉर्ट होतो. तारा तीन होत्या : लाल, काळी आणि तापमान बघणारी तिसरी. जुनी बॅटरी रेती भरलेल्या डब्यात गेली.

नवी शोधायची तर बॅटरीवरचा आकडा वाचता आला पाहिजे. ४०३०४० म्हणजे जाडी ४ मिलिमीटर, रुंदी ३०, लांबी ४०. ज्या कंपनीनं प्लेअर बनवला ती या धंद्यातून उठली तरी हा आकडा उरतो, आणि तेवढ्यावर एस. पी. रोडवर बॅटरी मिळते. खालच्या दुकानातून पोऱ्या घेऊन आला. डाखली. पडद्यावर निळा उजेड आला.

काकूंनी हात पुढे केला. म्हटलं, “अजून नाही. आता कुठे दवाखान्याचं दार उघडलंय.”

दुपारी १२.३०

यंत्र चालू होणं वेगळं आणि आवाज हाती लागणं वेगळं. फ्लॅश मेमरी म्हणजे बारीक बारीक खणांत कोंडलेला विजेचा भार. यंत्र बरीच वर्षं विजेशिवाय पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो. त्यामुळे अशी मेमरी कॉम्प्युटरला जोडली की बरेचदा खिडकी उघडते : डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? दहातली निम्मी माणसं ‘हो’ दाबून मग माझ्याकडे येतात.

माझा नियम सोपा : मूळ यंत्रावर एक अक्षरही लिहायचं नाही. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो मेमरीची जशीच्या तशी प्रतिमा काढतो. जिथे वाचता येत नाही तिथे डोकं न फोडता पुढे जातो आणि शेवटी परत येऊन त्या अवघड जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. पुढची सगळी चिरफाड त्या प्रतिमेवर. फाइलींची यादीच पुसली गेली असेल तर फोटोरेक लावायचा; तो यादीकडे न बघता फाइलीचा चेहरा ओळखून ती उचलतो.

काकूंच्या प्लेअरमध्ये फोल्डर शाबूत निघालं. आत एकोणीस फाइली. नावं अशी : व्हीओसी००१, व्हीओसी००२, व्हीओसी००३. सगळ्यांवर तारीख १ जानेवारी, कारण बॅटरी उतरली की प्लेअरचं घड्याळ जन्मतारखेवर परत जातं आणि ते कोणीच कधी लावत नाही.

त्यातल्या एका फाइलीची लांबी शून्य दाखवत होती, पण आकार मात्र बारा एमबी. म्हणजे मुद्रण चालू असतानाच बॅटरी संपली. डब्ल्यूएव्ही फाइलीच्या डोक्यावर आत किती माल आहे तो आकडा लिहायचा असतो, आणि यंत्र तो थांबताना लिहितं. थांबण्याआधीच मेलं, तर कोठार भरलेलं आणि पाटी कोरी. डोक्यावरचा तो आकडा हातानं भरला, फाइल वाजली.

काकूंच्या आईचा आवाज खरखरीत, स्वच्छ, ठाम. त्या काळातले स्वस्त प्लेअर बोलणं साठवताना सेकंदाला फक्त ८,००० नमुने घ्यायचे आणि एडीपीसीएम पद्धतीनं दाबून बसवायचे. १२८ एमबीच्या प्लेअरमध्ये आठ-नऊ तास मावत ते यामुळेच. पण त्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही, आणि ‘स’ची सगळी धार तिथेच असते. म्हणून ‘सासर’ आणि ‘फाफर’ यांतला फरक कानानं नाही, अर्थानं ओळखायचा. हे कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. जे घेतलंच नाही ते आणायचं कुठून?

“ही कुठली ओवी, काकू? कधीची?”

काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं. एकोणीसपैकी सात फाइलींचं त्यांना सांगता आलं. बाकीच्या कधी, कुणाच्या घरी, मध्ये बोलणारी दुसरी बाई कोण, काही नाही. आईला विचारायची सोय राहिलेली नव्हती.

ओव्यांच्या बाबतीत हे फार खटकतं, कारण उलट उदाहरण आपल्यासमोर आहे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकताना गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका सोबत असतो. त्यामुळे त्या ओव्या एका माणसाच्या होतात, एका मातीच्या होतात. नुसता आवाज अनाथ असतो.

दुपारी २.००

डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि बेळगावाहून कोणी आलं असेल तर कुंद्याचा तुकडा. दुकान उघडंच असतं, जेवताना आलेल्या गिऱ्हाइकाला “आगत्ता?” म्हणजे ‘होईल का?’ एवढंच विचारायचं असतं आणि मला मान हलवता येते.

दुपारी ३.००

गाणं शिकणारी एक मुलगी. गुरूंकडे रेकॉर्डिंगची परवानगी मिळाली आहे, पण फोनवर तानपुरा येतच नाही म्हणाली. “सुरुवातीला दोन सेकंद येतो आणि मग विरघळतो. फोन बदलला तरी तेच.”

फोनचा दोष नाही. तो त्याचं काम चोख करतोय. फोन बनवला बोलण्यासाठी. बोलण्यात सतत एकसारखा ऐकू येणारा आवाज म्हणजे पंखा, एसी, रहदारी, म्हणजे काढून टाकायची गोष्ट. तानपुरा नेमका तसाच वाजतो : अखंड, एकसारखा. फोन त्याला पंखा समजून पुसतो. शिवाय गाणारा हळू झाला की आवाज आपोआप वर ओढतो, चढला की खाली दाबतो. आलापीचा सगळा चढउतार त्यात सपाट.

म्हणून अशा कामाला अजूनही वेगळं यंत्र लागतं. गाणी वाजवणाऱ्याच यंत्रात चांगलं मुद्रण करायची सोय एकेकाळी होती. २००३ च्या सुमाराला आलेल्या आयरिव्हरच्या एच-१०० मालिकेतल्या प्लेअरना लाइन-इन होतं, ऑप्टिकल इनपुट होतं. बाहेरचा माइक लावून मैफली टिपणारे लोक जगभर ते जपून वापरत. पुढे रॉकबॉक्स या मोफत प्रणालीनं असल्या यंत्रांना दुसरा जन्म दिला. नंतर वाटा फुटल्या. ऐकणं फोनमध्ये गेलं आणि मुद्रण गेलं छोट्या रेकॉर्डरांकडे : २००६ चा एडिरोल आर-०९, २०१० चा झूम एच-१ वगैरे.

मुलीला नवं काही विकलं नाही. फळीवरचा, रात्री खिडकीत पास झालेला रेकॉर्डर दाखवला आणि तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. ऑटो लेव्हल बंद. लो-कट बंद, नाहीतर डग्ग्याचा घुमारा जाईल. आणि सगळ्यात चढा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच लेव्हल. वर जागा सोडायची, कारण गुरू कधी तार षड्जाला जातील हे आधी सांगत नाहीत.

दुपारी ४.३०

चहा. या वेळेला टपरीवर सॉफ्टवेअरवाला एक स्नेही येतो. त्याचं तारुण्य एमपी३ उलगडणारा प्रोग्रॅम कमी विजेत कसा चालेल, यात गेलं. बंगळूरला लोक कॉल सेंटरनं ओळखतात, पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये इथे डिझाइनचं काम सुरू केलं आणि २००१ मध्ये इथेच सुरू झालेल्या इतियमनं ऑडिओ-व्हिडिओचे कोडेक लिहून बाहेरच्या कंपन्यांना दिले. पिशवीत मावणारा इलेक्ट्रॉनिक तानपुराही याच गावचा; बासरीवादक आणि अभियंता जी. राज नारायण यांच्या रॅडेलचा. म्हणजे तानपुरा पुसणारी हुशारी आणि तानपुरा वाजवणारी पेटी, दोन्ही या शहराच्या ओळखीच्या.

“एमपी३चे पेटंट संपले, २०१७ लाच परवाने देणं बंद झालं,” तो म्हणाला. “आता ते सगळ्यांचं.”

माझ्या दृष्टीनं ही चांगली बातमी. जे सगळ्यांचं असतं ते उघडणारं काहीतरी पन्नास वर्षांनीही सापडतं. माझा जीव जातो तो कंपनीच्या खास कुलुपात ठेवलेल्या फाइलींपायी. मिनीडिस्कचं तसंच. घरी केलेलं मुद्रण कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवू द्यायला सोनीनं २००४ च्या हाय-एमडीपर्यंत वेळ लावला. तोवरच्या चकत्या लोक अजून माझ्याकडे घेऊन येतात. त्या वाजवत वाजवत पुन्हा मुद्रित करायच्या. एक तासाच्या चकतीला एक तास.

संध्याकाळी ६.३०

मल्लेश्वरममध्ये एका घरी बैठक. महिन्यातून एखादं असं काम घेतो, कारण यंत्र दुरुस्त करणाऱ्यानं ते कामावर कसं वागतं हेही बघायला हवं.

आधी गायिकेला विचारलं. यजमानांनी परवानगी दिली होती, पण आवाज यजमानांचा नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं भारतीय कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क आला. तिच्या संमतीशिवाय हे मुद्रण वाटता-विकता येणार नाही. त्या म्हणाल्या, “करा, पण मला एक प्रत द्या, आणि माझ्या नकळत पुढे पाठवू नका.” एवढंच तर मागणं.

रेकॉर्डर तिकाटण्यावर, गायिकेपासून दोन मीटर, छातीच्या उंचीला, पेटीपासून थोडा लांब. छताचा पंखा बंद करायला सांगितलं. चार जणांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. नवे सेल, रिकामं कार्ड, कानात हेडफोन. घड्याळ लावलं. मग बटण दाबून हलक्या आवाजात म्हटलं : गायिकेचं नाव, साथीदारांची नावं, जागा, दिवस, तारीख, साल.

लोक हसतात. पण ही पद्धत माझी नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होता तेव्हा गौहर जान गाणं संपल्यावर कर्ण्यात तोंड घालून इंग्रजीत आपलं नाव सांगे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा ते कळावं म्हणून, असं सांगतात. गौहर जान १९३० मध्ये म्हैसूरला वारल्या. तबकडीच्या मधला कागद फाटला, डबा हरवला, तरी आवाज कुणाचा ते आजही ती तबकडी स्वतःच सांगते.

रात्री १०.००

घरी. जेवणाआधी कार्ड रिकामं करायचं. फाइलीचं नाव बदललं : साल-महिना-तारीख, नाव, राग, जागा. तीन प्रती : एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गायिकेला उद्या पेन ड्राइव्हवर. तिन्ही उघडून ऐकल्यावरच कार्ड पुसायचं.

काकूंच्या एकोणीस फाइलीही उतरवल्या. सातांना नावं दिली. बारांना ‘अज्ञात-१’ ते ‘अज्ञात-१२’. त्या फाइली पुण्याच्या मावशींना पाठवून बघते म्हणाल्या आहेत. कदाचित ती दुसरी बाई त्याच असतील.

माझा धंदा बुडाला तरी चालेल, पण एवढं करा. कपाटातला जुना प्लेअर, रेकॉर्डर, जुना फोन या रविवारी बाहेर काढा. फुगलेला असेल तर चार्जिंगला लावू नका, जाणकाराकडे न्या. ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा. आत आवाज असतील तर दोन वेगळ्या जागी त्यांच्या प्रती करा. आणि ज्यांना ते आवाज ओळखता येतात ती माणसं हयात असतानाच त्यांच्याशेजारी बसून प्रत्येक फाइलीला नाव द्या. बॅटरी एस. पी. रोडवर मिळते. नाव सांगणारा माणूस मिळत नाही.